उजव्या मुठीची वेल

मावशीला वाचता येत नाही, म्हणून मी चित्रं काढलेलं रानातल्या झाडा-वेलींचं नवं पुस्तक तिच्या हातात देताना मी थेट चौऱ्याहत्तरावं पान उघडूनच दिलं. बाकीचं पुस्तक सगळ्यांचं, पण हे पान तिचं. सहा वर्षांपूर्वी मी तिच्या दारातल्या पायरीवर बसून तिला विचारत होते आणि ती सांगत होती, आणि त्यातून त्या पानावरच्या दोन वेली कागदावर उतरल्या होत्या.

तिने पान डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, पुन्हा जवळ नेलं. "पानं अगदी खरी वाटतात गं," म्हणाली. मी खूश. मग तिने पुस्तक मांडीवर सपाट ठेवलं, उजव्या हाताची मूठ वळली, अंगठा वर केला आणि ती मूठ चित्रातल्या वेलीवर ठेवली. काठी धरावी तशी. थोडा वेळ तशीच ठेवली. उचलली, पुन्हा ठेवली. मग शेजारच्या वेलीवर ठेवली. मग माझ्याकडे बघितलं.

"मिरचे, ही खायची म्हणून लिहिलंय ना इथे?"

लहानपणापासून माझ्या नाकावर राग, म्हणून घरात माझं नाव मिरची. आता सत्तावन्न वर्षांची झाले तरी मावशीसाठी मी मिरचीच.

"हो. वर ठळक अक्षरात आहे. खाण्यायोग्य."

"मग हे तुला कुणी सांगितलं? मी?"

मला आधी कळलंच नाही. मग मी स्वतःची मूठ पानावर ठेवली, आणि तळपायाची आग मस्तकात गेली. चित्र उलटं छापलं होतं. डावं उजवीकडे, उजवं डावीकडे, आरशात दिसावं तसं.

हे नीट सांगायला हवं, कारण पुढे प्रकाशकाला तीनदा सांगूनही कळलं नाही. आमच्याकडच्या टेकडीवर दोन वेली आहेत. लोक त्यांना थोरली आणि धाकटी म्हणतात. पान तेच, देठ तसाच, जमिनीखालचा कंदही वरून दिसायला सारखा. थोरलीचा कंद उकडून खातात. धाकटीचा विषारी. या दोघींना ओळखायची एकच खात्रीची खूण, आणि ती डोळ्याची नाही, हाताची आहे. वेल ज्या काठीवर चढली असेल ती काठी उजव्या मुठीत धरायची, अंगठा वर ठेवून. आपली बोटं जिकडून वळलीत तिकडूनच वळत वेल वर गेली असेल तर ती थोरली. खणा, उकडा, खा. बोटांच्या उलट गेली असेल तर ती धाकटी. तिच्या वाटेला जायचं नाही. वेल आपली वळायची दिशा कधीच बदलत नाही. माणसं बदलतात, प्रकाशक तर रोज बदलतात, पण वेल नाही.

आता हे चित्र उलटं करा. थोरली धाकटीसारखी चढते, धाकटी थोरलीसारखी, आणि अक्षरं मात्र ज्या वेलीची तिच्याच डोक्यावर पुन्हा सुलटी लावलेली. म्हणजे पुस्तक ठणकावून सांगतंय की विषारी कंद खा.

आणि हे सांगतंय कुणाच्या तोंडाने? मावशीच्या. त्या तीन बहिणी होत्या. माझी आई मोठी, मग ही, आणि शेंडेफळ म्हणजे नऊ वर्षांची एक, जिला मी फक्त एका फोटोत पाहिलंय. मावशी अकरा वर्षांची असताना पान बघून कंद खणून घेऊन आली. तिला वाटलं थोरलीचा. धाकट्या बहिणीने भुकेपोटी सगळ्यांच्या आधी खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती गेली. हे घरात सगळ्यांना माहीत आहे आणि कुणीही कधी बोलत नाही. त्यानंतर मावशी पानाकडे बघायचीच बंद झाली. ती मूठ लावते. सदुसष्ट वर्षं लावतेय. गावातल्या प्रत्येक पोरीला तिने मूठ लावायला शिकवलंय, मला शिकवलंय, आणि मी ते पुस्तकात घातलं तेव्हा ती पहिल्यांदा म्हणाली होती की बरं झालं, आता मी मेले तरी चालेल.

"मी बरोबरच काढली होती," मी म्हणाले. "मूळ चित्र घरी आहे. दाखवते तुला."

"ते काय दाखवायचं. तुझा हात चुकायचा नाही." तिने पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं. "पण मग हे कुणी केलं?"

"त्या प्रकाशकाने. मी बघते त्याच्याकडे."

"बघच," मावशी म्हणाली.

मी परतीची बस पकडली ती मनात शिव्यांची उजळणी करतच.

प्रकाशकाचं ऑफिस टायरच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर आहे. जिना चढताना रबराचा वास येतो आणि आत गेल्यावर नव्या कागदाचा. त्या दिवशी मंगळवार होता. रविवारी प्रकाशन समारंभ. टेबलावर निमंत्रणपत्रिकांचा गठ्ठा, भिंतीवर मुखपृष्ठाचं मोठं चित्र, आणि त्यावर त्याने स्वतः सुचवलेली ओळ: 'हाती घ्या, रानात जा, ओळखा!' ही ओळ वाचून माझा उरलासुरला संयम संपला.

"साहेब, चौऱ्याहत्तर उघडा."

त्याने उघडलं. "वा. अप्रतिम. माझं सगळ्यात आवडतं पान आहे हे."

"उलटं आहे."

त्याने पुस्तक उलटं फिरवून बघितलं. देवाशप्पथ. वरचं खाली केलं आणि बघितलं.

मी समजावलं. मूठ करून दाखवली, त्याला मूठ करायला लावली, त्याने डाव्या हाताची केली. पुन्हा समजावलं. तो ऐकत होता, मान डोलवत होता, आणि शेवटी म्हणाला, "ताई, वेल ती वेल. कुठूनही चढली तरी वरच जाते ना?"

पालथ्या घड्यावर पाणी. मी म्हणाले, "उद्या एखादं पोरगं हे पुस्तक घेऊन टेकडीवर गेलं आणि खणून खाल्लं, तर कुठे जाईल ते सांगू का?"

मग त्याने मांडणी करणाऱ्या बाईला बोलावलं. बाई हुशार आहे, टापटीप आहे, तिच्या टेबलावर पेन्सिलीसुद्धा उंचीप्रमाणे लावलेल्या असतात. तिने शांतपणे सांगितलं की चित्र नेहमी पुस्तकाच्या आत बघायला हवं. डावीकडच्या पानावरची वेल डावीकडे झुकली तर वाचकाची नजर पानाबाहेर जाते. म्हणून तिने एकूण नऊ चित्रं फिरवली होती.

"मला विचारलंत?"

"मॅडम, पक्षी डावीकडे बघतो की उजवीकडे, त्याने काय फरक पडतो?"

"पक्ष्याला नाही पडत! पक्ष्याची मान आहे, तो हवं तिकडे बघेल. वेलीला पडतो! आणि कोपऱ्यात माझ्या नावाची अक्षरं होती. ती कुठे गेली?"

ती पहिल्यांदा चपापली. "ती काढली. उलटी दिसत होती."

"म्हणजे उलटं दिसतंय हे कळत होतं!" मी ओरडले. खाली टायरच्या दुकानात हवा भरायचं यंत्र थांबलं, इतकी ओरडले. "माझी अक्षरं उलटी दिसली तर पुसायची, आणि वेल उलटी दिसली तर छापायची! आणि मुठीबद्दलच्या चार ओळी होत्या खाली, त्या कुठे आहेत?"

"जागा नव्हती," प्रकाशक म्हणाला. "लोक चित्रं बघतात हो. आजकाल वाचतं कोण?"

मजकूर लिहिणारे प्राध्यापक दोन वर्षांपासून मुलीकडे समुद्रापार राहतात आणि पत्राला महिन्याने उत्तर देतात, तेव्हा त्या चार ओळींची बाजू घ्यायला तिथे मी एकटीच होते. मी सांगितलं की हे पान बदलल्याशिवाय एकही प्रत बाहेर जाता कामा नये. त्यावर कळलं की एकोणचाळीस प्रती आधीच गेल्यात. शाळांमध्ये निसर्गमंडळं चालवणाऱ्या शिक्षकांना, अभिप्रायासाठी. चाळिसावी माझी, ती मावशीकडे.

"आणि त्यातली एक शाळा," बाई हळूच म्हणाली, "शनिवारी मुलांना टेकडीवर नेणार आहे. पुस्तक घेऊन. त्यांनी फोन करून कळवलं होतं. त्यांना फार आवडलंय."

मी बोटांवर शनिवारपर्यंतचे दिवस मोजले. प्रकाशक मात्र पत्रिकांचा गठ्ठा सारखा करत होता. तो म्हणाला, समारंभ होऊ द्या, पुढच्या आवृत्तीत बघू, फार तर एक चिठ्ठी घालू, 'मुद्रणदोष' म्हणून. मी म्हणाले, चिठ्ठी पहिल्याच दिवशी पडते, पान राहतं. तो म्हणाला, ताई, तुम्ही फार मनाला लावून घेता. मग एकदम खुर्चीत मागे रेलला आणि म्हणाला, "आणि खरं सांगू का, अंतिम प्रूफ तुम्हीच पास केलंत."

"मी? हे? शक्यच नाही. दाखवा माझी सही!"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्याने खणातून प्रूफ काढलं. चौऱ्याहत्तरावं पान. वेली उलट्या. आणि खाली, निळ्या शाईत, माझी सही, तारीख, आणि माझ्याच अक्षरात: 'उत्तम. वेलीच्या पाचव्या पानाचा हिरवा जरा कमी करावा.'

मी काही न बोलता जिना उतरले. आयुष्यात पहिल्यांदा.

घरी येऊन खिडकीपाशी माझ्या टेबलासमोर बसले. मूळ चित्र काढलं. वेल बरोबर होती. मग त्या प्रूफाच्या दिवशी मी काय बघत होते? आंधळी झाले होते का? दोन दिवस ते प्रूफ माझ्याकडे होतं. भिंगाखाली मी एकेक पान, एकेक शीर तपासली होती. मजकूर प्राध्यापकांचा, म्हणून खालच्या ओळींकडे आणि कोपऱ्यातल्या माझ्या अक्षरांकडे बघितलंच नव्हतं. भिंगाखाली दोन बोटांएवढी जागा दिसते, तेवढ्यात वेलीचं वळण काय कळणार? पण भिंग ठेवल्यावर मी पूर्ण चित्र बघतेच. नेहमी बघते. उभं करून, लांबून, आर...

आरशात.

शेजारीच होता तो. माझ्या टेबलाच्या डाव्या हाताला एक मोठा आरसा टांगलेला आहे. चित्र काढणारे बरेच जण ठेवतात. एकच चित्र शंभरदा बघून डोळा मुर्दाड होतो, मग ते आरशात बघायचं. उलटं दिसलं की अनोळखी वाटतं, आणि अनोळखी वाटलं की चुका दिसतात. तीस वर्षांची सवय. शेवटची नजर नेहमी आरशातून, मग सही. मी ते प्रूफ आरशासमोर उभं केलं होतं. उलटं छापलेलं चित्र आरशात कसं दिसणार? सुलट. माझ्या मूळ चित्रासारखं, तंतोतंत. मला आठवलं, त्या दिवशी मला किती बरं वाटलं होतं. आज चित्र अगदी मनातल्यासारखं उतरलंय असं मी स्वतःलाच म्हणाले होते. चहा केला होता. आणि सही केली होती.

मी त्या आरशाकडे बघितलं. त्यात एक सत्तावन्न वर्षांची बाई होती, जी दोन तासांपूर्वी दुसऱ्याच्या ऑफिसात उभी राहून 'कळत होतं ना!' म्हणून ओरडत होती. तिच्या थोबाडीत एक ठेवून द्यावीशी वाटली. बाईने चित्र फिरवलं तिच्या अडाणीपणाने, तिला वेलीतलं कळत नव्हतं. मला कळत होतं. जगात ज्या थोड्या लोकांना ती खूण कळते त्यातली मी एक, आणि मीच उलट्या खुणेवर शिक्का मारला. आपलेच दात आणि आपलेच ओठ, रडायचं कुणाकडे?

रडायला वेळही नव्हता. शनिवार चार दिवसांवर होता.

बुधवारी सकाळी मी पुन्हा तो जिना चढले. म्हणाले, "साहेब, चूक माझी. तसं छापा. चिठ्ठीत लिहा की चित्रकाराने प्रूफ चुकीचं पास केलं. माझ्या सहीनिशी. पण सगळ्या प्रतींमधलं पान बदलायचं, आणि त्या चार ओळी परत घालायच्या."

आणि बघा गंमत! काल जे अशक्य होतं ते एका मिनिटात शक्य झालं. काल यंत्र बंद होतं, आज मोकळं होतं. काल बाइंडरला वेळ नव्हता, आज त्याला फोन लागला. चूक कुणाची हे ठरलं आणि ती आपली नाही हे कळलं, की माणसाच्या अंगात केवढा उत्साह येतो! त्याने माझ्यासमोर माझ्या कबुलीच्या पत्राचा मसुदा सांगितला, मी सही केली, त्याने कागद घडी घालून खणात ठेवला. मग आवाज मऊ करून म्हणाला, "ताई, गवतांचा पुढचा खंड मात्र आता दुसऱ्या कुणाला देऊ या. नवी नजर बरी. तुम्हालाही विश्रांती."

गवतांसाठी मी तीन वर्षं टेकड्या तुडवल्या होत्या. एकशेबारा गवतं वाळवून माझ्या कपाटात ठेवलेली होती. पण त्या क्षणी तो म्हणाला असता की चित्रकलाच सोडा, तरी मी हो म्हणाले असते. मी म्हणाले, "पान आज छापा."

मग मी फोन घेऊन बसले. एकोणचाळीस शिक्षक. एकेकाला सांगायचं, पुस्तक परत पाठवा, तोवर कपाटात कुलूपबंद ठेवा. शनिवारच्या सहलीवाले गुरुजी तर चिडलेच. म्हणाले, "मुलं एवढी उत्साहात आहेत आणि तुम्ही आयत्या वेळी असं करता? जबाबदारी नावाची काही गोष्ट आहे की नाही?" मी म्हणाले, आहे, म्हणूनच फोन केलाय. त्यांनी पुस्तक परत दिलं. शुक्रवार संध्याकाळपर्यंत एकोणचाळीस प्रती परत आल्या होत्या, त्यातल्या तीन मी स्वतः घरी जाऊन आणल्या.

बाइंडरकडे गुरुवारपासूनच काम सुरू होतं. पान बदलणं म्हणजे फाडणं नव्हे. जुनं पान शिवणीजवळ बोटाएवढी पट्टी ठेवून कापायचं, त्या पट्टीला खळ लावायची, नवं पान तिच्यावर बसवायचं, वर वजन ठेवायचं. तीन हजार वेळा. बाइंडर अबोल माणूस, त्याच्या दोन्ही हातांची बोटं कायम खळीने पांढरी. मी कापत होते, तो चिकटवत होता, त्याची बायको चिठ्ठ्या घालत होती.

आणि गुरुवारी दुपारी मावशी आली. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, काठी टेकत, दोन बस बदलून. काम कुठे चाललंय ते मी फोनवर नुसतं कळवलं होतं, बोलावलं कुणी नव्हतं. तिने एक स्टूल ओढलं, टेबलाच्या टोकाला बसली आणि म्हणाली, "इकडून जाऊ द्या सगळी."

नवं पान बसलं की पुस्तक तिच्यासमोर यायचं. ती मूठ ठेवायची. थोरली. मूठ ठेवायची. धाकटी. मग पुढे. यंत्राने छापलेली पानं, एक बरोबर तर सगळी बरोबर, हे बाइंडरने तिला एकदा सांगून बघितलं.

"मागचीही यंत्रानेच छापली होती ना?" मावशी म्हणाली. बाइंडरने पुढचं पुस्तक तिच्यासमोर सरकवलं.

काम करताना तिचं तोंड चालू होतं. प्रकाशकाचा उद्धार चालू होता. "माझी भाची रात्रंदिवस खपून चित्रं काढते, आणि हे मेले उलटी छापतात. त्यांच्या घरच्यांना एकदा वाढा म्हणावं हाच कंद." मग बाइंडरच्या बायकोला, "हिचा हात कधी चुकत नाही हो. लहानपणापासून बघतेय. मी शिकवलंय हिला."

बाइंडरच्या बायकोच्या हातात चिठ्ठी होती. त्यावर स्पष्ट छापलेलं होतं चूक कुणाची ते. तिने चिठ्ठीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि चिठ्ठी पुस्तकात सरकवली. बाइंडरने खळीच्या डब्यात डोकं घातलं. आणि मी, जिच्या नाकावर कायम राग म्हणून जिचं नाव मिरची, ती मूग गिळून पान कापत राहिले. तीन दिवस. तीन हजार चिठ्ठ्या तिच्या डोळ्यांसमोरून गेल्या आणि तिला त्यातलं एक अक्षर वाचता आलं नाही. मला तेव्हा जगातल्या सगळ्या प्रकाशकांपेक्षा स्वतःचा जास्त राग येत होता, आणि तरीही तोंड उघडत नव्हतं.

रविवारी समारंभ झाला. प्रकाशक माईकवर म्हणाला, "चित्रकाराकडून अनवधानाने एक चूक झाली होती, पण आमच्या दक्ष यंत्रणेने ती वेळीच पकडली." टाळ्या पडल्या. दक्ष यंत्रणा! ती यंत्रणा शनिवारी संध्याकाळी मनगट सुजलं म्हणून मीठ-पाण्यात हात घालून बसली होती आणि समारंभाला तिला बोलवायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. मी पहिल्या रांगेत बसले होते. उठून दोन शब्द सुनवावेत असं फार वाटलं. पण सुनवायचं काय? तो खोटं एवढंच बोलला होता की यंत्रणा त्याची होती. चूक माझी होती हे खरंच होतं.

सोमवारी मी मावशीकडे गेले. पिशवीत दुरुस्त पानाची नवी प्रत होती. जुनी चाळिसावी प्रत परत घ्यायची होती, जगातली शेवटची चुकीची प्रत. मावशी पायरीवर बसली होती, मनगटाला फडकं बांधलेलं. पुस्तक शेजारीच.

मी नवी प्रत दिली. तिने डाव्या हाताने पान उघडलं, दुखऱ्या उजव्या हाताची मूठ ठेवली, मान हलवली.

"ती जुनी दे मावशी. जाळून टाकते."

"सांगून आलीस ना त्याला चांगलं? मी गावात सगळ्यांना सांगितलंय, आमच्या मिरचीची काही चूक नाही."

आता नाही तर कधीच नाही, हे मला कळलं.

"मावशी, चूक माझी होती," मी म्हणाले. "त्यांनी चित्र फिरवलं, हे खरं. पण छापायच्या आधी ते माझ्याकडे आलं होतं. मी बघितलं. मूठ न लावताच, बरोबर आहे म्हणून सही केली. त्या चिठ्ठ्यांमध्ये तेच लिहिलं होतं. तू तीन दिवस बसलीस तिथे, मी तुला सांगितलं नाही." आणि मग आरशाचं सगळं सांगितलं. आरसा कसा, का, त्यात उलट्याचं सुलट कसं दिसलं. बोलता बोलता माझ्या लक्षात येत होतं की मी आरशावर फार बोलतेय.

मावशी ऐकत होती. माझं संपल्यावर तिने जुनी प्रत उचलली आणि स्वतःच्या मांडीखाली सरकवली.

"ही नाही द्यायची. ही राहू दे माझ्याकडे."

"मावशी, ती चुकीची आहे."

"म्हणूनच. पोरी येतात शिकायला. त्यांना दाखवीन. म्हणेन, बघा, डोळ्यांवर गेलं की शहाण्या माणसाचंही काय होतं ते." तिने टेकडीकडे मान वळवली. "मीही डोळ्यांवरच गेले होते. पान बघितलं आणि खणलं. अकरा वर्षांची होते. मला कुणी मूठ शिकवली नव्हती."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. रागाला मी उत्तर देऊ शकते. ती नुसती माझ्याकडे वळली, आणि खरोखरच जाणून घ्यायचं असल्यासारखं तिने विचारलं:

"सही कुठल्या हाताने केलीस?"

"उजव्या," मी म्हणाले.